तेवीस सामन्यांचं भाडं

शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा घरात बोलावलं ते ताळेबंद वाचायला.

२०१२ चा उन्हाळा होता. म्हणजे कॅलेंडरात उन्हाळा, बाहेर रिपरिप चालूच. पुण्याहून कॉव्हेंट्रीला येऊन मला वर्ष होत आलं होतं. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी कॉस्टिंग बघायचो, अजूनही तेच बघतो. आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "तू हिशेबातला माणूस ना?" मी हो म्हणालो. "मग ये आत." स्वयंपाकघरातल्या टेबलावर छापील कागदांची चळत, तिच्यावर चश्मा आणि शेजारी टोक केलेली लाल पेन्सिल. मला वाटलं, पेन्शनचं काही त्रांगडं असेल. पाहतो तर कॉव्हेंट्री सिटी फुटबॉल क्लबचे मागच्या काही वर्षांचे हिशेब. इंग्लंडात कुठल्याही कंपनीचे हिशेब सरकारी नोंदणी कार्यालयातून कोणालाही मिळतात. तेव्हा एकेका कागदपत्राला १ पौंड पडायचा. आजोबांनी लेकीकरवी ते मागवले होते आणि जिथे जिथे 'व्याज' हा शब्द होता तिथे लाल रेघ ओढली होती.

या माणसाने उभी हयात रायटनच्या मोटार कारखान्यात दारं बसवण्यात घालवली. तो कारखाना २००६ च्या शेवटी बंद पडला. वाणिज्य शाखेशी त्यांचा संबंध एवढाच, की पगाराच्या दिवशी पाकिट उघडून मोजायचे. पण 'कर्जाचं भागभांडवलात रूपांतर' म्हणजे काय ते त्यांनी मला विचारलं, आणि कर्ज फेडायच्या ऐवजी सावकाराला कंपनीचे शेअर द्यायचे, असं समजावून सांगितल्यावर "म्हणजे चोराने घड्याळ परत करून पाकीट ठेवून घेतलं" असा शेरा मारला. तो तांत्रिकदृष्ट्या चूक होता. मी दुरुस्त केला नाही.

आमच्या घरात त्यांचं नाव पडलं निळे आजोबा. बारा महिने गळ्यात आकाशी मफलर. क्लबचा रंग तोच.

मी पुण्याच्या पेठेत क्रिकेटवर वाढलेला. फुटबॉलमध्ये किती मिनिटं असतात एवढं ठाऊक होतं. बाकीचं आजोबांनी शिकवलं. १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला. १९६७ ते २००१ अशी सलग ३४ वर्षं तो इंग्लंडातल्या सर्वांत वरच्या वर्गात टिकून होता, कधी कधी अगदी नखांनी धरून. १९८७ मध्ये वेम्बलीवर टॉटनहॅमला ३-२ असं हरवून त्यांनी एफए कप, म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्या वर्गांच्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा, जिंकली. त्या सामन्यात कीथ हाउचनने आडवं झेपावून डोक्याने मारलेल्या गोलाचं वर्णन मी आजोबांकडून निदान पन्नास वेळा ऐकलंय, आणि दर वेळी चेंडू थोडा आणखी लांबून येतो.

तर भाड्याचा प्रश्न. १८९९ पासून क्लबचं मैदान होतं हायफील्ड रोड. चारी बाजूंनी विटांची बैठी घरं, मध्ये मैदान. पैशांची ओढाताण सुरू झाल्यावर क्लबने ती जागा घरं बांधणाऱ्यांना विकली आणि काही वर्षं तिथेच भाड्याने खेळला. शहराच्या उत्तरेला जुन्या गॅस कारखान्याच्या जमिनीवर नवं, साडेबत्तीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम उभं राहत होतं. ते अर्धं नगर कौन्सिलचं आणि अर्धं क्लबचं असणार होतं. पण बांधकाम पुरं होण्याआधीच क्लबचे पैसे संपले. आपला अर्धा वाटा त्याने शहरातल्या हिग्ज धर्मादाय संस्थेला सुमारे ६५ लाख पौंडांना देऊन टाकला. २००५ च्या ऑगस्टमध्ये स्टेडियम उघडलं, जपानी यंत्रांच्या कंपनीवरून त्याचं नाव रिको अरीना पडलं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता तो क्लब त्यात भाडेकरू म्हणून शिरला. भाडं वर्षाला जवळजवळ १३ लाख पौंड.

"हे जास्त की कमी?" आजोबांनी विचारलं.

मी लिफाफ्याच्या पाठीवर गणित मांडलं. लीगचे घरच्या मैदानावरचे सामने २३. म्हणजे एका सामन्याचं भाडं साधारण ५६ हजार. तिकिटामागे हातात १५ पौंड पडतात असं धरलं, तर दर सामन्याला पहिली पावणेचार हजार माणसं फक्त भाडं भरायला येतात. त्यानंतर आलेला माणूस गोलकीपरचा पगार द्यायला येतो. आणि क्लब त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्गात घसरला होता. भाडं मात्र वरच्या वर्गाच्या स्वप्नाच्या हिशेबाने ठरलेलं.

आजोबा लिफाफ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पाय?"

पाय म्हणजे इथला तो मांसाचं सारण भरलेला, मध्यंतरात खायचा गरम प्रकार. पहिले काही महिने मला वाटायचं आजोबा कुठल्यातरी खेळाडूच्या दुखापतीबद्दल बोलतायत. त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि हिशेबाच्या दृष्टीने अगदी नेमका. पाय, बिअर, गाड्या लावायचे पैसे, आतल्या हॉलमधल्या मेजवान्या, या सगळ्यातला मोठा हिस्सा क्लबच्या गल्ल्यात जातच नव्हता. तो जायचा अरीना चालवणाऱ्या कंपनीकडे. पंधरा-वीस हजार लोकांना क्लबने आवतण द्यायचं आणि त्यांच्या खिशातले पैसे घरमालकाने गोळा करायचे. लोक आकड्यावर भांडत होते, १३ लाख फार की बरोबर, पण माझ्या मते १३ लाख हा त्रासाचा लहान भाग होता. भाडेकरूकडून भाडं घ्या, पण त्याच्या ओट्यावरची भाकरीही तुमचीच म्हटलं तर त्याने भाडं कशातून द्यायचं?

मग आजोबांनी शेवटचा कागद पुढे सरकवला. एप्रिलपासून क्लबने भाडं देणं बंदच केलं होतं. मालक होता सिसू नावाचा लंडनमधला गुंतवणूक फंड, २००७ च्या डिसेंबरात आलेला. मी विचारलं, पैसे नाहीत का त्यांच्याकडे?

"आहेत. देत नाहीत."

तिथे माझी ट्यूब पेटली.

आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. भाडं ३५ रुपये. मालक ते घ्यायचे नाहीत, कारण घेतलं की भाडेकरू मान्य केला असं व्हायचं. बाबा दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, ती 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत यायची, आणि बाबा ती पावती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. मालक कौलं शाकारायचे नाहीत. आम्ही पावसाळ्यात बादल्या लावायचो. शेजारचे जोशी उलट, त्यांनी भाडंच थांबवलं होतं. म्हणायचे, म्हातारा कंटाळला की जागा पडत्या भावात आपलीच. मालक आम्ही थकायची वाट बघायचे, जोशी मालक थकायची. मराठीत भाडंही थकतं आणि माणूसही थकतो. क्रियापद एकच आहे, आणि ते ज्याने केलं तो नक्की कुठल्या तरी वाड्यात राहिलेला असणार.

म्हणून मी आजोबांना म्हणालो, "त्यांना भाडं कमी करून नकोय. त्यांना ते स्टेडियम हवंय, स्वस्तात."

आजोबांनी चश्मा काढला. दोन वर्षांनी, २०१४ च्या जूनमध्ये, उच्च न्यायालयाच्या निकालात जवळपास हेच आलं: भाडं अडवून अरीना कंपनीला जेरीस आणायचं आणि तिच्यातला वाटा कमी किमतीत पदरात पाडून घ्यायचा, हा डाव होता. निकालाची बातमी आजोबांनी माझ्या दारातून आत सरकवली, वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: 'वाडा'. हा एक मराठी शब्द त्यांना येतो.

पण सगळं एवढं सरळ नव्हतं. २०१३ च्या जानेवारीत कौन्सिलने अरीना कंपनीचं बँकेचं कर्ज फेडायला तिला स्वतः १ कोटी ४४ लाख पौंड कर्ज दिलं. आता आजोबांची पंचाईत बघा. ते क्लबचे, म्हणून भाडेकरूच्या बाजूचे. ते कौन्सिलला कर भरणारे, म्हणून अर्ध्या स्टेडियमचे घरमालक. "माझा क्लब माझ्या शहराचं भाडं थकवतोय, आणि माझं शहर माझ्या क्लबशी लढायला माझेच पैसे काढतंय," ते म्हणायचे. "मी जिंकलो तर हरणार कोण?" शहरातल्या सगळ्याच पाठीराख्यांची हीच गत होती. म्हणून ते एकमेकांशी भांडायचे. समोरच्या घरातले पंजाबी गृहस्थ, आजोबांइतकेच जुने पाठीराखे, कौन्सिलवर चिडलेले. नंतर वर्षाला ४ लाखांवर यायची तयारी दाखवलीच ना, मग ती पाच वर्षं आधी का नाही दाखवली, हा त्यांचा सवाल. बिनतोड होता. आजोबांकडे त्यावर उत्तर नव्हतं, म्हणून ते आवाज चढवायचे.

मार्चमध्ये क्लबची एक कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली, म्हणजे तिचा कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हाती गेला. एक, कारण क्लब म्हणजे एक कंपनी नव्हतीच. एकीकडे खेळाडूंचे करार, दुसरीकडे लीगमध्ये खेळायचा हक्क देणारा तो 'सोनेरी शेअर', वर आणखी एक कंपनी, त्याच्याही वर मालकांचे फंड. क्लबचं म्हणणं, बुडाली ती नुसती मालमत्ता सांभाळणारी, तिचा खेळाशी संबंध नाही. लीगला ते पटलं नाही. १० गुण कापले, पुढच्या मोसमाच्या तोंडावर आणखी १०. आमच्या टेबलावर तेव्हा एका मोठ्या पांढऱ्या कागदावर या कंपन्यांचा वंशवृक्ष काढलेला असायचा, बाणांसकट. मी ऑफिसात कंपन्यांचे जंजाळ पाहिलेत, पण सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने खोडरबर घेऊन आपल्या लाडक्या संघाचा 'अंतिम लाभार्थी' शोधत बसणं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आणि मग क्लब शहर सोडून गेला. ३५ मैलांवर, नॉर्थॅम्प्टनला, सिक्सफील्ड्स नावाच्या साडेसात हजारांच्या मैदानावर. कॉव्हेंट्रीत बत्तीस हजार खुर्च्या रिकाम्या ठेवून.

११ ऑगस्ट २०१३, रविवार. पहिला 'घरचा' सामना, ब्रिस्टल सिटीशी. गाडी मी चालवत होतो. मागे आजोबांची लेक आणि नऊ वर्षांचा नातू, पुढे आजोबा. गाडीत कोणी बोलत नव्हतं, कारण आदल्या रात्री बोलणं झालं होतं. आजोबांचा गट 'यापुढे एक पेनीही नाही' म्हणणाऱ्यांचा: तिकीट नाही, जर्सी नाही, पायसुद्धा नाही, मालकांना पैसा पोचेल असं काहीच नाही. लेक म्हणाली होती, "मालक येतील आणि जातील, बाबा. हा नऊ वर्षांचा परत होणार नाही." मैदानाशी पोचल्यावर दोघं तिकिटाच्या रांगेत गेली आणि आम्ही दोघं टेकडी चढलो.

टेकडी कसली, मातीचा उंचवटा. मैदानाच्या बाहेर, पण वरून आतलं दिसेल असा. क्लबचे साठच्या दशकातले थोर प्रशिक्षक जिमी हिल. आकाशी पोशाख त्यांनीच आणला. तेव्हा लोकांनी उंचवट्याला लगेच 'जिमीज हिल' म्हणायला सुरुवात केली. घडीच्या खुर्च्या, फ्लास्क, फलक. आजोबांनी चांदीच्या कागदातली सँडविचेस काढली, एक मला दिलं. मैदानाचा काही भाग दिसायचा, उरलेला स्टँडच्या आड. तिकडे काही घडलं की आधी आवाज यायचा, मग आम्ही एकमेकांकडे बघायचो. कॉव्हेंट्रीने तो सामना ५-४ असा जिंकला. नऊ गोल! आयुष्यात पहिल्यांदा मला फुटबॉल कळला, तोही अर्धाच दिसत असताना. आजोबा दर गोलला उभे राहायचे आणि लगेच खाली बसायचे, कोणी पाहिलं तर नाही ना अशा बेताने. आत जेमतेम २,२०० माणसं होती.

परतताना नातू पुढे वाकून विचारायचा, "आजोबा, तो शेवटचा दिसला तुम्हाला?"

"दिसला तर!"

तो स्टँडच्या आडचा होता.

त्या अख्ख्या मोसमाची सरासरी २,३०० च्या आसपास राहिली. कॉव्हेंट्रीतच जन्मलेल्या कॅलम विल्सनने लीगमध्ये २१ गोल केले, रिकाम्या खुर्च्यांसमोर. उन्हाळ्यात तो विकला गेला. मी माझ्या लिफाफ्याचं गणित पुन्हा मांडून पाहिलं: कॉव्हेंट्रीत भाडं भरायला जी पावणेचार हजार माणसं लागत होती, तेवढी इथे एकूणही येत नव्हती. भाडं वाचवायला घर सोडलं आणि गिऱ्हाईक गमावलं. हे कुठल्या तक्त्यात बसतं ते मला माझ्या धंद्यात अजून सापडलेलं नाही.

कज्जे मात्र जोरात चालले. त्यातला एक मला फार आवडतो. स्टेडियमचा अर्धा वाटा विकायची बोलणी फिसकटली म्हणून हिग्ज संस्थेने सिसूवर २९ हजार पौंड खर्चाचा दावा लावला. सिसूने उलट २ लाख ९० हजारांचा लावला. न्यायाधीशांनी दोन्ही फेटाळले. दहापट लावायची ही पद्धत वाड्यातही होती. तुमची एक कुंडी फुटली तर आमच्या दहा. कौन्सिलच्या कर्जाविरुद्धचा दावा सिसू २०१४ मध्ये हरलं, आणि मग अपिलातही हरलं.

५ सप्टेंबर २०१४ च्या शुक्रवारी रात्री क्लब परत आला. तात्पुरता करार. २७,३०६ माणसं. आजोबा तिकीट काढून आत गेले, मीही गेलो. १-० जिंकले. माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस रडत होता आणि हातातला कागदी पेला चुरगाळत होता. वाटलं, मिटलं.

महिनाभरातच कौन्सिलने आपला वाटा विकायचं ठरवलं. क्लबला नव्हे, वॉस्प्सना. वॉस्प्स म्हणजे गांधीलमाश्या; लंडनचा रग्बी क्लब, १८६७ चा, कॉव्हेंट्रीशी काडीचा संबंध नसलेला. कौन्सिलला आणि हिग्ज संस्थेला प्रत्येकी २७ लाख ७० हजार पौंड मिळाले, आणि वॉस्प्सना वर अडीचशे वर्षांचा भाडेपट्टा. संस्थेने साधारण ६५ लाखांना घेतलेला वाटा २७ लाखांत गेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आम्ही शाळेत मांजरं आणि माकडाच्या गोष्टीत शिकलो होतो. आजोबांना मी 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण समजावून सांगितली. ते म्हणाले, "नाग बरा. तो निदान एकटा येतो."

वाड्याचंही हेच झालं होतं, म्हणून मला नवल वाटलं नाही. मालक थकले, बाबा थकले, जोशी वारले, बिल्डर आला. बाबांचा बिस्किटांचा डबा त्याच्या वकिलाने उघडूनही पाहिला नाही.

पुढचं भराभर सांगतो. ते दिवस भराभर गेले असं नाही, पण सांगण्यासारखं थोडं आहे. क्लब चौथ्या वर्गात घसरला. मार्क रॉबिन्स नावाच्या शांत प्रशिक्षकाने तो वर काढला. भाड्याचा तंटा पुन्हा पेटला आणि २०१९ पासून दोन मोसम 'घरचे' सामने बर्मिंगहॅमला झाले. आजोबा या वेळी भांडले नाहीत. जायचे, बसायचे, यायचे. त्यांच्या सुनेने का लेकीने आणलेल्या नव्या मफलरवर अजून किमतीची चिठ्ठी होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्लब परत आला तेव्हा ते म्हणाले, "किती दिवसांचं आहे ते बघ कागदात." दहा वर्षांचा करार होता.

२०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतल्या कुस्त्या याच अरीनाच्या आतल्या हॉलमध्ये झाल्या. भारताचे बाराच्या बारा कुस्तीगीर पदक घेऊन गेले, त्यात सहा सुवर्णं. आईचा पुण्याहून फोन: "अरे, साक्षी मलिक तुमच्या गावात जिंकली! तू होतास का?" मी त्या क्षणी आजोबांच्या कुंपणाशी उभा होतो. त्याच स्पर्धांच्या रग्बी सेव्हन्सने बाहेरच्या मैदानाची पार चाळण केली होती, आणि नव्या मोसमाचा घरचा पहिला सामना रद्द झाल्याचं नुकतंच कळलं होतं. एका कानात साक्षीचं सुवर्ण, दुसऱ्या कानात उखडलेलं गवत. आजोबांना सांगितलं, की आमची मुलगी तुमच्या स्टेडियममध्ये जिंकली. ते म्हणाले, "छान! तिने भाडं दिलं का?"

त्याच ऑक्टोबरात वॉस्प्सचं दिवाळं वाजलं. स्टेडियमसाठी लोकांकडून ६.५ टक्क्यांनी उभारलेले ३ कोटी ५० लाखांचे रोखे फेडता आले नाहीत. गावात कोणी पेढे वाटले नाहीत, हे नोंदवून ठेवतो. दीडशे वर्षांचा क्लब बुडणं कसं असतं ते इथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. स्टेडियम १ कोटी ७० लाखांना खेळाच्या सामानाची दुकानं चालवणाऱ्या माइक ॲशलीच्या कंपनीने घेतलं, आणि डिसेंबरात तिने फुटबॉल क्लबच्या हातात जागा खाली करायची नोटीस ठेवली. तडजोड झाली. क्लबही सिसूच्या हातून डग किंग या इथल्याच भागातल्या उद्योजकाकडे गेला. पुढच्या मे महिन्यात संघ सर्वांत वरच्या वर्गापासून एका पेनल्टीच्या अंतरावर येऊन थांबला. त्या रात्री आजोबांच्या घरात दिवा उशिरापर्यंत होता. मी गेलो नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये किंग यांनी ॲशलीच्या कंपनीकडून स्टेडियम विकत घेतलं. हायफील्ड रोड गेल्यानंतर पहिल्यांदा क्लब आणि त्याचं मैदान एकाच हातात आलं. मी ऑफिसात होतो, आजोबांचा फोन आला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोन कानापासून लांब धरून ओरडतात. बातमी सांगून झाली. मी अभिनंदन म्हणालो. पलीकडे जरा वेळ नुसता श्वास.

"कोणत्या कंपनीच्या नावावर घेतलंय?"

"बघून सांगतो."

"आणि कर्ज काढलंय का, आणि काढलंय तर गहाण काय, तेही बघ. हे हल्ली फुकट मिळतं म्हणे, पौंड लागत नाही. माझे डोळे चालत नाहीत, नातवाला बसवलंय मशीनसमोर. पण तो कायद्याचा विद्यार्थी, त्याला तळटिपा वाचायचा कंटाळा. तू संध्याकाळी येच."

संध्याकाळी गेलो. टेबलावर कागद होते, पेन्सिलीला नवं टोक होतं, आणि शनिवारच्या सामन्यासाठी चांदीच्या कागदाचा रोल काढून ठेवला होता.

"आता तर पायचे पैसे आपल्याच घरात जातील," मी म्हणालो.

"जाऊ देत," आजोबा म्हणाले. "तू आधी पान सात उघड."